कास्मिनीची फुंकर

कारांगमलातीत आणि आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी कास्मिनीला विचारून यायचे. शुभ दिवस काढून देणारे म्हातारे गावात होते, नाही असं नाही. पण तेही दिवस सांगण्याआधी हळूच कानोसा घेत, की त्या तारखेला कास्मिनी दुसऱ्या कुणाच्या मांडवात गुंतलेली नाही ना. गुंतलेली असली तर तो दिवस आपोआप अशुभ निघायचा.

नवरीच्या अंबाड्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून छातीवर उतरणारा मोगऱ्याचा लांब सर, खाली कळ्यांचा झुपका, हे तिचं काम. लहानपणी ती मळ्यात कळ्या तोडायला जायची, मोठेपणी तोडलेल्या कळ्या सुईवर घ्यायला लागली. "कळीला कळी लागली पाहिजे, पण कळीनं कळीला ढकलता कामा नये," असं ती शिकायला आलेल्या बायकांना सांगायची, आणि लगेच "सासू-सुनेसारखं" अशी पुस्ती जोडून स्वतःच हसायची.

हसली की दिसायचं की समोरचे दात नाहीत. आमच्याकडे मातीच्या किटलीतला चहा खडीसाखरेवर ओततात आणि ढवळत नाहीत. खडा तळाशी आपला आपण विरघळतो, तोवर माणसानं गप्पा मारायच्या असतात. एवढा धीर कास्मिनीला जन्मात नव्हता. ती चहा संपवायची आणि खडा कडकडा चावून खायची. दात त्यातच एकेक करून गेले.

आता या कामात एक वैरीण होती, आणि ती दिसायला नवरीहून देखणी. वालांग मांतेन म्हणतात तिला, म्हणजे नवरी किडा; मळ्यातल्या बायका नुसतंच 'नवरी' म्हणतात. पांढरीशुभ्र, बुडाशी किंचित हिरवट, पाय पाकळ्यांसारखे रुंद. फांदीच्या टोकाला अंग दुमडून बसली की मोगऱ्याच्या मिटल्या कळ्यांचा गुच्छच. मधमाशी येते, फुलावर बसावं तशी बसते, आणि पुन्हा उठत नाही. झुडपाखाली पंखांचा कचरा दिसला की समजावं, वर बाईसाहेब राहतात. तिचा नर म्हणाल तर एवढासा, वाळल्या काडीसारखा, कुणाच्या नजरेला पडत नाही. "नवरी जगाला दिसते, नवरा मेला कुठं असतो कुणास ठाऊक," हा आमच्या बायकांचा जुना विनोद. कास्मिनी समोर असली की मात्र तो कुणी करत नसे, कारण तिचा नवरा कुठं असतो ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मळ्यात या नवरीला मान आहे. कळ्या पोखरणाऱ्या अळीचे पतंग ती खाते, म्हणून तिला मारत नाहीत. तोडता तोडता दिसली की "नवरी आहे गं इथं!" अशी हाक द्यायची आणि ती फांदी सोडून पुढं जायचं. पण हीच बया टोपलीतून घरात आली, सरात जाऊन बसली आणि सरातून खऱ्या नवरीच्या अंगावर गेली, तर काम बिघडलं. एका फांदीवर दोन नवऱ्या! मग त्या घरात सवत येणार, आज नाही तर दहा वर्षांनी, पण येणार, असं आमच्याकडे मानतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते हे आम्हालाही कळतं. पण आपल्या मुलीच्या फांदीवर कावळा बसलेला कुणाला चालतो?

तिला ओळखायची एकच खूण, ती म्हणजे फुंकर. फुंकर मारली की कळी हलते आणि थांबते. नवरीही हलते, कारण वाऱ्यावर झुलायचं सोंग तिला पक्कं जमतं. पण सोंग घेणाऱ्याला थांबायचं कधी ते कळत नाही. वारा गेल्यावरही ती आणखी एक-दोन झोके घेते. तेवढ्यात तिला पकडायची. फुंकर मात्र चहा निववायची नव्हे. बारीक, लांब, एका धारेची हवी, आणि अशी फुंकर साऱ्या पंचक्रोशीत कास्मिनीची. दात नसल्यानं ओठ आत जात, श्वासाला चिंचोळी वाट मिळे, आणि सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कळी कळी करून शहारत जाई. आजवर तिच्या हातून गेलेल्या सरात नवरी कधी निघाली नव्हती. हे ती स्वतः सांगायची, न विचारता सांगायची, आणि दोनदा सांगायची.

लोक म्हणत, जळलेली आहे म्हणून जपते. कारण कास्मिनीच्या स्वतःच्या लग्नात तिच्या सरावर नवरी बसली होती, ही गोष्ट इथं लहान मुलालाही माहीत होती. ती गावभर केली तिच्या नवऱ्यानं. हा सार्पिन कांद्याचा ट्रक चालवायचा. मुलगी दार्युती नुकती चालायला लागली होती, तेव्हा त्यानं पेकालोंगानला कापडाच्या बाजारातल्या एका बाईशी दुसरा निकाह लावला. परत येऊन चहाच्या टपरीवर बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "माझ्या हातात काय होतं? लग्नातच नवरी बसली होती तिच्या सरावर. लिहिलेलं चुकतं का? मला तर बाबा दोघी सारख्याच." आणि ज्याला दोघी सारख्या होत्या, तो हा माणूस पेकालोंगानला जो गेला तो तिकडचाच झाला.

बायका कास्मिनीकडे भात घेऊन आल्या, मासे घेऊन आल्या. "नशीब गं, यू," म्हणाल्या. तिच्याहून लहान बायका तिला यू म्हणत, म्हणजे ताई. कास्मिनी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कुणी विषय काढला की ती सुईत दोरा ओवायला घ्यायची, आणि समोरचीला वाटायचं, दुःखानं बोलवत नाही बिचारीला.

तर त्या दार्युतीचं लग्न ठरलं. मुलगा बुरहान, शेजारच्याच गावचा, मोटारसायकली दुरुस्त करायचा. पोरगा गुणी. कास्मिनीच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा तिची गळकी मोरी दुरुस्त करून मगच चहा प्यायला, आणि तळाशी खडीसाखर विरघळेपर्यंत बसला. कास्मिनीनं तिथंच हो म्हटलं.

दार्युती शहरात दातवाल्याच्या दुकानात कामाला होती. तिनं आईसाठी वरच्या दातांची पट्टी करून आणली आणि समोर ठेवली. आमच्याकडे आईला माक म्हणतात आणि लेकीला नोक.

"माक, घालून बघ."

"खडीसाखर खायला बरे पडतील?"

"खायला नाहीत गं. लग्नात घालायला. फोटो जन्मभर राहतात."

"मग राहू दे की जन्मभर. माझं तोंड असंच आहे, नोक. ज्याला बघवत नसेल त्यानं नवरीकडं बघावं."

"बाबापण येणार आहेत," दार्युती म्हणाली.

ते तर होतंच. मुलीचा निकाह लावायला बाप लागतो. तो नसला तर अडतं. कसाही असला तरी चालतो. शिवाय मांडवात मंचावर नवरा-नवरीच्या एका बाजूला मुलीचे आईबाप शेजारी शेजारी बसतात. म्हणजे इतक्या वर्षांनी सार्पिनच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायचं होतं. पोर कामाला गेल्यावर कास्मिनीनं दात घातले, आरशासमोर उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. खरं सांगायचं तर तिला स्वतःला ती आवडली. पेकालोंगानवालीच्या तोंडात सोन्याचा दात आहे असं तिनं ऐकलं होतं. असेना का, हे काही कमी नव्हते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मशिदीत निकाह झाला. मोठा थाट दुपारच्या नमाजानंतर. मधल्या वेळात कास्मिनी केळीचं पान पसरून सर गुंफायला बसली. नवरीला सजवणारी रुमिसी तिची जन्माची मैत्रीण. दोघींनी मिळून निम्म्या तालुक्याच्या पोरी मंचावर बसवल्या होत्या, आणि एकही लग्न न भांडता पार पाडलं नव्हतं. रुमिसी दार्युतीच्या कपाळावर काळी नक्षी काढता काढता ओरडली, "आज तू नवरीची आई आहेस, गजरेवाली नाहीस. ऊठ! सुई दे कुणाकडं तरी."

"तू तुझी काडी दे कुणाकडं तरी. मग मी सुई देते."

"बाई गं, बोलतेस की शीळ घालतेस?"

"नवे आहेत. रुळतील."

सर पुरा झाला. कास्मिनीनं तो दोन्ही हातांवर घेतला, ओठ आत ओढले, म्हणजे ओढायला गेली, पण मध्ये दात. फुंकर मारली ती सुर्रर्र करून शीळच वाजली, आणि वारा सराऐवजी रुमिसीच्या कानात गेला.

रुमिसी हसून हसून बेजार. "पाखरं येतील अशानं. काढ ते दात आणि नीट मार."

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. मुक्कामाला पोचल्यावर ट्रकमधून उतरून खाकरायची सार्पिनची जुनी सवय. दार्युती म्हणाली, "बाबा आले कपडे करून."

दाताकडे गेलेला कास्मिनीचा हात खाली आला. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. तिला खायचे नव्हतेच, हे होते ते फक्त दाखवायचे, आणि ज्याला दाखवायचे तो दाराशी उभा होता. "दात असोत नसोत, फुंकर माझीच आहे," ती म्हणाली, पुन्हा एकदा सुर्रर्र केलं, सर वरून खाली नजरेनं बघितला आणि लेकीच्या अंबाड्यात खोचला. कुणाच्याही पोरीच्या बाबतीत तिनं हे केलं नसतं. आपल्या पोरीच्या बाबतीत केलं, कारण त्या क्षणी ती आई नव्हती, गजरेवालीही नव्हती. सोडून गेलेल्या माणसाला आपण कशा दिसतो एवढंच बघणारी बाई होती.

मांडव भरला. सनया कुठल्या आल्यात आमच्याकडे. बाजाची पेटी आणि एक गाणारी, एवढं असलं की लग्न दणाणतं. बुरहाननं अंडं पायाखाली फोडलं, दार्युतीनं त्याचा पाय धुतला. मग सार्पिन मंचावर बसला आणि रिवाजाप्रमाणे मुलगी एका मांडीवर, जावई दुसऱ्या मांडीवर. यावर मुलीच्या आईनं विचारायचं असतं. नवऱ्याला आमच्याकडे कांग म्हणतात. कास्मिनीनं विचारलं, "कांग, कोण जड?"

"दोघं सारखेच," सार्पिन म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कास्मिनीनंही वाजवल्या. या माणसाचा तराजू तिला ओळखीचा होता.

मग सगळे आपापल्या खुर्च्यांवर बसले. मंचाच्या कडेला उंच पंखा मान फिरवत होता. त्याचा वारा दार्युतीवर आला की सर हलायचा, पुढं गेला की थांबायचा. कास्मिनी लेकीकडे डोळे भरून बघत होती. वारा आला, सर हलला, थांबला. झुपक्याच्या कडेचा एक गुच्छ मात्र थांबला नाही. आणखी एक झोका. आणखी एक.

कास्मिनी खुर्चीच्या कडेवर सरकली. पुन्हा वारा येईपर्यंत तिनं श्वास धरला, आणि वारा आल्यावर पुन्हा तेच. लेकीच्या छातीवर, तिच्याच हातच्या सरात, बया आरामात झुलत बसली होती.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. आईनं उठून लेकीचा सर सारखा केला तर कोण काय म्हणणार? चिमटीत धरायची, पदराआड न्यायची, संपलं. ती उठलीही. पण पहिल्या रांगेत बुरहानची आजी वासरिया बसली होती. म्हातारी उभा जन्म मोगऱ्याच्या मळ्यात वाकलेली, आणि तिची नजर अजून सुईच्या नाकातून जाणारी.

"थांबा! पोरीच्या सरात नवरी बसलीय!"

गाणारी मध्येच थांबली. वासरिया काठी टेकत उभी राहिली. "झुपक्यात बघा, डाव्या कडेला. एका फांदीवर दोन! माझ्या नातवाच्या लग्नात!"

मांडवात एकदम कुजबुज उठली. "कास्मिनीच्या सरात?" "आईच्या सरात होती, लेकीच्या सरात आली." "रक्तातच आहे म्हणायचं." दार्युती दगडासारखी बसली होती. मळ्याकाठी वाढलेली पोर, तिला काय समजावून सांगायचं! रंगवलेल्या कपाळाखाली तिचे डोळे तेवढे आईकडे वळले.

आणि सार्पिन उठला. त्याचा चेहरा दुःखी होता, पण आवाजात मात्र ओळखीच्या गावात शिरणाऱ्या ट्रकचा आराम होता. "घाबरू नका, मंडळी," तो म्हणाला. "आमच्याही लग्नात बसली होती. माणसानं काय करायचं? लिहिलेलं असतं." मग त्यानं बुरहानच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. पुढं काही झालंच, तर तो तुमचा दोष नाही."

बुरहान चांगला पोरगा होता. हे मी आधी सांगितलंय आणि पुन्हा सांगतो. पण त्या वाक्यासरशी त्याचे ताठलेले खांदे जरासे सैल झाले, आणि कास्मिनीनं ते पाहिलं.

तिला जे कळायचं ते तेवढ्यात कळलं. किड्यानं काही होत नाही. पण ही जी सबब आत्ता पोराच्या खांद्यावर ठेवली गेली, ती पोरगा वापरणार नाही, विसरून जाईल, आणि दहा वर्षांनी कधी घरात कुरबुर झाली की त्याला आठवेल. सबब म्हणजे घरात ठेवलेली छत्री. पाऊस आला की हात आपोआप तिकडेच जातो. आणि ही छत्री सार्पिनच्या हातात इतकी वर्षं राहू दिली होती ती खुद्द कास्मिनीनंच.

ती मंचाच्या मध्यभागी आली. तोंडात दोन बोटं घातली, दात काढले, रुमालात गुंडाळले आणि रुमाल लेकीच्या हातात दिला. भर मांडवात. गाणारीनं तोंडावर हात ठेवला. कास्मिनी वाकली, ओठ आत गेले, आणि फुंकर सुटली, तीच ती, बारीक, लांब, एका धारेची. सर वरून खाली शहारत गेला आणि थांबला. नवरी एकटीच झुलत राहिली. कास्मिनीनं तर्जनी पुढं केली, पाठीमागून हलकेच टेकवली, तशी ती पाकळ्यांसारखे पाय टाकत बोटावर चढली.

"बघून घ्या," कास्मिनी म्हणाली. तिला ध्वनिक्षेपक लागत नसे. "सुई माझी, सर माझा, चूकही माझी. सकाळी दात घालून फुंकर मारली. शीळ वाजली, ही राहून गेली. रुमिसी काढ काढ म्हणत होती, मी ऐकलं नाही. मला नटायचं होतं. यात लिहिलेलं-बिहिलेलं काही नाही."

"हे खरं आहे हो," रुमिसी मागून ओरडली. "कानात शिरली माझ्या!"

कुणीतरी हसलं. कास्मिनी हसली नाही. "आता दुसरं. माझ्या लग्नात नवरी बसलीच नव्हती."

सार्पिन म्हणाला, "अगं, सगळ्यांना माहीत आहे..."

"सगळ्यांना तुम्ही सांगितलंत, कांग. मला कुणी विचारलं नाही. मला सजवून बसवलं आणि बायका जेवायला गेल्या, तेव्हा मी आरशासमोर सर हातात धरून फुंकर मारली होती. दात तेव्हाही होते, पण माझे होते, शीळ वाजली नाही. मळ्यातली पोर मी. दुसरीच्या फुंकरीवर विश्वास ठेवीन होय? कळी अन् कळी थांबली. काही नव्हतं त्यात. तुम्ही पेकालोंगानला गेलात ते किड्यानं नेलं म्हणून नाही. तुमच्या पायांनी गेलात."

सार्पिनचा रंग उतरला. पण ट्रकवाला माणूस, घाटात अडकला तरी गाडी मागं घेणारा नव्हे. "मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

प्रश्न खरा होता, आणि मांडवातल्या प्रत्येक बाईला त्याचं उत्तर हवं होतं. कास्मिनीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"सोयीचं होतं म्हणून. किड्यानं नवरा गेला म्हटलं, तर बायका भात घेऊन आल्या. नवरा आपण होऊन गेला म्हटलं असतं, तर विचारलं असतं, तुझ्यात काय कमी होतं गं? तेच मी स्वतःला रोज विचारत होते. आणखी कुणाच्या तोंडून मला ते ऐकवलं नसतं." तिनं बोटावरच्या नवरीकडं पाहिलं. "तुमचं पाप हिच्यावर गेलं, माझी लाजही हिच्यावर गेली. दोघांनीही हिला राबवली."

मग ती जावयाकडे वळली. "बुरहान, तुझं बोल. ही पोरगी तुला आवडली म्हणून तू इथं बसलायस ना?"

"हो, माक."

"मग पुढं कधी मन उडालं, तर तिच्या तोंडावर सांगायचं. भांडायचं. माझ्याकडं यायचं. पण या किड्याचं नाव घ्यायचं नाही. घेशील?"

"नाही घेणार."

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

"नाही घेणार, माक!" बुरहान एवढ्यानं ओरडला की स्वयंपाकघरातून दोन बायका धावत आल्या. आणि ओरडता ओरडता त्यानं दार्युतीचा हात धरला, जे मंचावर करायचं नसतं. त्याला कुणी टोकलं नाही.

वासरिया काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होती. आता ती म्हणाली, "बोलणं झालं असेल तर तिला झाडावर पोचवा कुणी. उन्हं उतरायच्या आत गेली पाहिजे. किडा असला तरी नवरी आहे, तिष्ठत ठेवू नये."

"खरं आहे, आजी," कास्मिनी म्हणाली, आणि तिनं बोट सार्पिनसमोर धरलं. "घ्या, कांग."

"मी?"

"तुम्हीच. फार वर्षं हिनं तुमचं ओझं वाहिलं. आज थोडं तुम्ही हिचं वाहा. पाठीमागून बोट द्या, हळू. चेंगरलीत तर बघा."

सार्पिननं इकडं तिकडं पाहिलं. सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. त्यानं बोट दिलं. नवरी चढली, तिनं पुढच्या आकड्यांनी त्याचं बोट घट्ट धरलं, आणि मुलीचा बाप, जरीची टोपी, कमरेला खंजीर, हात लांब धरून, कांद्याच्या ट्रकऐवजी काचेचा ट्रक चालवावा तसा पावलापावलानं पाहुण्यांच्या मधून निघाला. लोकांनी वाट करून दिली. मळा गावाबाहेर होता, भातखाचरांच्या पलीकडे. मांडवाच्या तोंडाशी तो जरा थांबला, मागं वळला आणि म्हणाला, "सोडून येतो." त्यानं सांगितलं हे कास्मिनीनं ऐकलं.

गाणारीनं पुन्हा गळा साफ केला. फोटोवाला पुढं आला. "घरच्यांचा एक घेऊ या. नवरीचे वडील?"

"घे तू," कास्मिनी खुर्चीवर बसत म्हणाली. "शेजारची खुर्ची रिकामी असणं मला सवयीचं आहे." मग तिनं लेकीपुढं हात पसरला. "दे ते दात. फोटो जन्मभर राहतात म्हणालीस ना?"

दार्युतीनं रुमाल मुठीत घट्ट धरला. कपाळावरची नक्षी विस्कटायला नको म्हणून रुमिसीनं तिला रडायची बंदी केली होती, ती तिनं मोडली. "राहू दे, माक," ती म्हणाली. "जन्मभर राहतात म्हणूनच."

लोक म्हणत होते, आता कास्मिनीची सुई सुटणार. कशाची सुटते! लग्नाची आमंत्रणं येतच राहिली. फरक एवढाच, की सर सांगायला आलेल्या बायका आधी म्हणतात, "यू, जरा हसा बघू." ती हसते, त्या आत डोकावतात, आणि मगच दिवस पक्का होतो.

फोटो तिनं दाराशेजारी लावलाय, आल्या-गेल्याला दिसेल असा. नवरा-नवरी हातात हात धरून, एका अंगाला बोळकं उघडं टाकून हसणारी कास्मिनी, आणि तिच्याशेजारी रिकामी खुर्ची. नवखं कुणी विचारतं, "मुलीचा बाप नव्हता का लग्नाला?"

"होता की. मळ्यात किडा सोडायला गेला होता."

"मग?"

"मग आला परत," कास्मिनी म्हणते, आणि खडीसाखरेचा खडा एका दाढेखालून दुसऱ्या दाढेखाली सरकवते. "सांगून गेला आणि परत आला, असं त्यानं तेवढं एकदाच केलं."